एक मजकूर, अनेक मॅन्युअल्स : एक्सएमएल दस्तऐवजांबद्दल वाचकांचे प्रश्न

ठाण्याची वागळे इस्टेट आणि दिघ्यापासून नेरूळपर्यंत पसरलेला टीटीसी औद्योगिक पट्टा इथून या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत : यंत्रांची मॅन्युअल्स एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला टॅगने नाव देणाऱ्या फाइलींत, ठेवायची आणि त्याच मजकुरातून पीडीएफ, वेबपाने, मराठी आणि इंग्रजी आवृत्त्या काढायच्या, तर काम कसे लावावे? त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. टॅग, आज्ञा आणि पर्याय आम्ही नागरीत छापले आहेत. फाइलीत आणि टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टंकायचे आहेत.

प्रश्न : आम्ही वागळे इस्टेटमध्ये मोनोब्लॉक पंप बनवतो. चार मॉडेल्स आहेत, प्रत्येकाचे मॅन्युअल मराठीत आणि इंग्रजीत, म्हणजे आठ वर्ड फाइली. अर्थिंगची सूचना सुधारली तेव्हा ती सहा फाइलींत बदलली गेली, दोनांत जुनीच राहिली. एक्सएमएलकडे वळायचे तर डॉकबुक घ्यावे की डिटा? सुरुवात कुठून करावी?

उत्तर : अर्थिंगची सूचना दोन पुस्तकांत जुनी राहणे ही माणसाच्या जिवाशी गाठ आहे, म्हणून पत्र सविस्तर घेतो.

डॉकबुक आणि डिटा या मॅन्युअल्ससाठी ठरवलेल्या एक्सएमएल टॅगांच्या दोन पद्धती आहेत. डॉकबुक १९९१ पासूनचे आहे. डिटा आयबीएममध्ये तयार झाले आणि २००५ मध्ये ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक बनले. आज दोन्ही मानके ओएसिसकडेच आहेत. डॉकबुक पुस्तक हा घटक धरून चालते : प्रकरण, विभाग, कार्यपद्धती. डिटामध्ये टॉपिक हा घटक असतो. प्रत्येक टॉपिक स्वतंत्र फाइलीत राहतो आणि कोणत्या पुस्तकात कोणते टॉपिक कोणत्या क्रमाने यावेत हे 'मॅप' नावाची वेगळी फाइल ठरवते. उत्पादने पंचवीस-तीस असतील, लेखक चार-पाच असतील आणि एकच टॉपिक दहा ठिकाणी वापरायचा असेल, तर डिटा घ्या. तुमच्याकडे एकाच घराण्यातले चार पंप आहेत आणि काम बघणारी बहुधा एक-दोन माणसे. तुम्ही डॉकबुक ५ घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे. डिटातून पीडीएफ आणि वेबपाने काढणारे डिटा ओपन टूलकिट फुकट मिळते आणि पहिले पीडीएफ तासाभरात निघते हे खरे. पण त्या पीडीएफचे रूप स्वतःच्या पसंतीचे करायला प्लगइन लिहावे लागते, आणि लहान चमू तिथेच अडकतो. डॉकबुकच्या स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानांचे रूप ठरवणाऱ्या फाइलींत, बहुतेक बदल पॅरामीटरची किंमत (त्याला दिलेले मूल्य) बदलून होतात.

आठही फाइली एकदम बदलायला घेऊ नका. सर्वांत जास्त खपणाऱ्या मॉडेलचे इंग्रजी मॅन्युअल आधी घ्या. पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला मूळ स्वरूप 'डॉकएक्स', हवे असलेले 'डॉकबुक५' आणि चित्रे वेगळी काढण्यासाठी 'एक्स्ट्रॅक्ट-मीडिया' हा पर्याय द्या. कच्चा माल मिनिटभरात मिळेल, पण तो कच्चाच असेल. वर्डमध्ये ज्यांनी हेडिंगची स्टाइल न वापरता नुसती अक्षरे ठळक आणि मोठी केली, त्यांची शीर्षके साधे परिच्छेद होऊन येतात. 'आकृती ४ पाहा' हे संदर्भ मृत अक्षरे होऊन येतात. त्यांच्या जागी 'एक्सरेफ' हा संदर्भाचा टॅग घालावा लागतो. चौकटीतल्या सावधगिरीच्या सूचनाही परिच्छेदच होतात. त्या 'वॉर्निंग', 'कॉशन' किंवा 'नोट' या टॅगांत हाताने बसवाव्या लागतात. हे काम कंटाळून यंत्रावर सोडू नका. कोणती सूचना जिवाच्या धोक्याची आणि कोणती यंत्राच्या नुकसानीची, हे ठरवणारे माणूसच हवे. 'डेंजर' हा टॅग डॉकबुक ५.२ मध्ये आला. स्टाइलशीटच्या १.७९ या आवृत्तीतल्या फाइली त्याला ओळखत नाहीत आणि अनोळखी टॅग मजकुरासकट लाल रंगात छापतात. तो वापरायचा असेल तर स्वतःचे टेम्प्लेट लिहा.

मग फोल्डर लावा. 'सामाईक' फोल्डरमध्ये सुरक्षा, उभारणी, अर्थिंग, साठवण, वॉरंटी. प्रत्येक मॉडेलच्या फोल्डरमध्ये फक्त तांत्रिक तक्ता, सुट्या भागांची यादी आणि त्या मॉडेलपुरती वेगळी कृती. प्रत्येक पुस्तकाची एक छोटी मुख्य फाइल असेल आणि ती बाकीचा मजकूर 'एक्सइन्क्लूड'ने आत ओढेल. अर्थिंगची सूचना इंग्रजीत एका जागी, मराठीत एका जागी. यापुढे ती दोन ठिकाणी बदलायची, आठ ठिकाणी नव्हे.

विभागांना आयडी, म्हणजे ओळख-नाव, देताना 'सेक-३-२' असे क्रमांक देऊ नका. मध्ये एक विभाग घुसला की सगळे खोटे ठरतात. 'अर्थिंग-जोडणी' असा अर्थाचा आयडी द्या आणि एकदा दिला की बदलू नका. हे का, ते शेवटच्या उत्तरात येईल.

बिल्डचा, म्हणजे एक्सएमएलमधून पुस्तक काढण्याचा, क्रम असा : एक्सएमएललिंटने एक्सइन्क्लूड उलगडून एक सलग फाइल, तिचे टॅग नियमांत बसतात का याची जिंगने तपासणी, मॉडेलनुसार गाळणी, एक्सएसएलटीप्रॉकने एक्सएसएल-एफओ (पानांच्या मांडणीची फाइल), आणि शेवटी अपाचे एफओपीने पीडीएफ. हे पाचही टप्पे एका मेकफाइलमध्ये, म्हणजे आज्ञा क्रमाने चालवणाऱ्या फाइलीत, घाला. तपासणी नापास झाली तर पीडीएफ निघताच कामा नये. हा नियम पहिल्या दिवसापासून लावला नाही तर नंतर लावता येत नाही.

आलेली स्टाइलशीट जागच्या जागी कधीही बदलू नका. तिला 'इम्पोर्ट' करणारी स्वतःची छोटी फाइल लिहा. त्यात निदान तीन गोष्टी असाव्यात. 'पेपर.टाइप' ला ए४ किंवा ए५ द्या, कारण मूळ किंमत यूएस लेटर आहे आणि छापखान्यात गेल्यावर समास बिघडलेले दिसतात. 'एफओपी१.एक्स्टेन्शन्स' ला १ द्या, नाहीतर पीडीएफच्या डाव्या बाजूची अनुक्रमणिका येत नाही. 'ड्राफ्ट.मोड' ला नो द्या. आणि स्टाइलशीट नेमस्पेसवाली, म्हणजे डॉकबुक ५ च्या टॅगांसाठीची, घ्या. पॅकेजच्या नावावर जाऊ नका, नावे आवृत्तीनुसार बदललेली आहेत. बिल्ड करताना 'स्ट्रिप्ड नेमस्पेस बिफोर प्रोसेसिंग' असा संदेश दिसला तर चुकीची आवृत्ती लागली आहे. पीडीएफ तरीही निघते, पण सापेक्ष मार्ग हरवतात आणि चित्रे गायब होतात.

प्रश्न : महापे एमआयडीसीत आम्ही कंट्रोल पॅनेल बनवतो. इंग्रजी मॅन्युअल एफओपीतून उत्तम येते. मराठीत मात्र पानभर # # # # अशी चिन्हे आली. फॉन्ट बदलल्यावर अक्षरे दिसू लागली, पण जोडाक्षरे फुटलेली आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी. एफओपीला मराठी येत नाही का?

उत्तर : येते. १.१ या २०१२ च्या आवृत्तीपासून एफओपीत देवनागरीसारख्या लिप्यांची सोय आहे. तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

फॉन्टमध्ये अक्षरच नसले की एफओपी त्या जागी # छापते आणि टर्मिनलवर 'ग्लिफ नॉट अव्हेलेबल' अशी सूचना देते. पीडीएफचे अंगभूत फॉन्ट, म्हणजे हेल्व्हेटिका, टाइम्स, कुरियर, यांत नागरी नाही. म्हणून एफओपीची कॉन्फिगरेशन फाइल करा, तिच्यात फॉन्टच्या फोल्डरचा मार्ग लिहा आणि चालवताना ती '-सी' या पर्यायाने द्या. फाइल लिहून हा पर्याय द्यायचा राहतो, असे फार वेळा होते. मग स्टाइलशीटमध्ये 'बॉडी.फॉन्ट.फॅमिली', 'टायटल.फॉन्ट.फॅमिली' आणि 'मोनोस्पेस.फॉन्ट.फॅमिली' या तिघांनाही नागरी फॉन्ट द्या. फक्त पहिल्याला दिला की परिच्छेद मराठीत आणि शीर्षके # मध्ये येतात.

फॉन्ट निवडताना तीन गोष्टी बघा. त्याच फॉन्टात रोमन अक्षरेही हवीत, कारण 'एमसीबी', '४१५ व्होल्ट' आणि पार्ट नंबर नागरी ओळीतच येतात. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता या कामाला चांगला आहे. दुसरे, व्हेरिएबल फॉन्ट घेऊ नका. साध्या आणि ठळक वजनाच्या वेगळ्या स्थिर फाइली घ्या. तिसरे, ठळक वजनाची फाइल फोल्डरमध्ये खरोखर आहे याची खात्री करा. ती नसेल तर एफओपी 'सबस्टिट्यूटिंग' असे सांगून साधेच वजन लावते आणि 'धोका' हा शब्द बाकीच्या ओळीत मिसळून जातो.

आता फुटलेली जोडाक्षरे. एफओपी चालवताना '-एनओसीएस' हा पर्याय कुठे लागला आहे का पाहा. तो लिपीची ही सोयच बंद करतो. जुन्या स्क्रिप्टमधून तो वारशाने आलेला असतो. कॉन्फिगरेशनमध्ये फॉन्टच्या ओळीत 'मेट्रिक्स' फाइलीचा उल्लेख असेल तर काढून टाका. आताच्या एफओपीला ती लागत नाही, फॉन्ट थेट वाचू द्या. पुस्तकाच्या मूळ टॅगवर 'एक्सएमएल:लँग' ला 'एमआर' द्या. त्याचा दुसरा फायदा असा की प्रकरण, आकृती, टीप हे आपोआप येणारे शब्दही त्या भाषेच्या फाइलीतून घेतले जातात. त्यांतला एखादा शब्द तुमच्या ग्राहकाला परका वाटेल असा असेल, तर 'लोकल.एल१०एन.एक्सएमएल' या पॅरामीटरमधून तो बदला.

प्रत्येक फॉन्टसाठी एक कसोटीची ओळ ठेवा आणि बिल्ड झाल्यावर डोळ्यांनी वाचा : 'दुसऱ्या स्थितीत ट्रान्सफॉर्मरची विद्युत जोडणी निश्चित करून कार्यान्वित करा, ॲम्पियर, ऑइल, क्षमता, ज्ञात, शक्ती, द्वार.' यात ऱ्य, रफार, रकार, वेलांटी ओलांडून जाणारे जोडाक्षर आणि अर्धचंद्र सगळे येते. ही ओळ नीट आली तर मॅन्युअल बहुतेक नीट येते. ओळींमधले अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. इंग्रजीच्या मापात ठेवले तर तक्त्यांच्या चौकटीत वरच्या मात्रा रेघेला टेकतात.

एवढे करूनही एखादे जोडाक्षर हट्टाने फुटत असेल तर त्यात आठवडे घालवू नका. डॉकबुकमधून एचटीएमएल काढा आणि ते वीझीप्रिंटने पीडीएफ करा. वीझीप्रिंट अक्षरे जुळवण्याचे काम पँगो आणि हार्फबझ या लायब्ररींवर सोपवते, आणि त्या दोघींची देवनागरीची समज पक्की आहे. पानाचा आकार, शीर्षओळ, पृष्ठांक, 'पान २३ वर पाहा' असे संदर्भ हे सगळे सीएसएसमध्ये लिहिता येते. मराठी मजकूर जिथे मुख्य आहे तिथे आम्ही आता हाच रस्ता आधी सुचवतो.

पीडीएफमधल्या नागरी मजकुराचा शोध आणि कॉपी-पेस्ट यांवर मात्र विसंबू नका. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार दिसण्याच्या क्रमाने बसतात, त्यामुळे पहिल्या वेलांटीचे शब्द सापडेनासे होऊ शकतात. सर्व्हिस इंजिनिअरला शोधायची गरज असेल तर त्याला वेबपानांची आवृत्तीही द्या.

प्रश्न : रबाळ्यातल्या आमच्या कारखान्यात डिटा वापरतो. एका परिच्छेदावर 'प्रॉडक्ट' या ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगला जोडलेल्या माहितीत) 'ए१०० बी२००' अशा दोन किमती (मूल्ये) आहेत. डिटाव्हॅल या गाळणीच्या फाइलीत बी२०० वगळा असे लिहिले, तरी तो परिच्छेद पीडीएफमध्ये आलाच. ही टूलकिटमधली चूक आहे का?

उत्तर : नाही, नियमच तसा आहे. एका ॲट्रिब्यूटमध्ये अनेक किमती असतील तर त्या सगळ्या वगळलेल्या असल्या तरच परिच्छेद गळतो. ए१०० वगळलेले नाही, म्हणून तो राहिला. आणि ए१०० चे पुस्तक काढत असाल तर तो राहायलाच हवा. उलट दोन वेगळे ॲट्रिब्यूट असतील, समजा 'प्रॉडक्ट' आणि 'ऑडियन्स', तर त्यांतल्या कोणत्याही एकाने 'वगळा' म्हटले की परिच्छेद जातो.

खरा धोका पुढे आहे. उद्या सी३०० आले की जुन्या प्रत्येक डिटाव्हॅल फाइलीत 'सी३०० वगळा' हे लिहायला हवे. एका फाइलीत राहिले तर सी३०० चा दाब ए१०० च्या पुस्तकात छापला जाईल. म्हणून पद्धत उलटी करा. डिटाव्हॅलमध्ये आधी 'प्रॉडक्ट' या ॲट्रिब्यूटसाठी कोणतीही किंमत न देता 'एक्स्क्लूड' ही कृती लिहा, म्हणजे मुळात सगळे बंद. आणि खाली फक्त हव्या असलेल्या मॉडेलला 'इन्क्लूड' द्या. नवे मॉडेल आले तरी जुनी पुस्तके सुरक्षित राहतात.

(डॉकबुकवाल्यांसाठी : तिथे किमती अर्धविरामाने वेगळ्या करतात आणि गाळणीला हवी ती किंमत सांगतात. एक जुळली तरी मजकूर राहतो. ज्याच्यावर ॲट्रिब्यूटच नाही तो नेहमी राहतो.)

अट लावण्याची जागाही विचारपूर्वक निवडा. पूर्ण टॉपिकवर, म्हणजे मॅपमध्ये, लावली तर उत्तम. पायरीवर किंवा तक्त्याच्या ओळीवर चालेल. तक्त्याच्या उभ्या रकान्यावर लावू नका. काही ओळींत चौकटी कमी पडतात आणि तक्ता कोसळतो. वाक्याच्या मधल्या शब्दांवर तर मुळीच नको.

इथे मराठीची एक अडचण आहे, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात ती सापडत नाही. यंत्राचे नाव 'कीरेफ'ने चल, म्हणजे बदलता शब्द, म्हणून टाकायची पद्धत आहे : इंग्रजीत नाव बदलले की वाक्य तसेच राहते. मराठीत पंप सुरू झाला, मोटर सुरू झाली, इंजिन सुरू झाले. शिवाय पंप आणि पंपाचा, मोटर आणि मोटरचा : विभक्ती लागली की काही नावांचे रूपच बदलते. चलात नुसते नाव घातले तर निम्मी वाक्ये अशुद्ध छापली जातात, आणि असे पुस्तक वाचणारा ऑपरेटर बाकीच्या सूचनांवरही विश्वास ठेवत नाही. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे सामाईक मजकुरात नेहमी 'यंत्र' म्हणा. 'यंत्र सुरू झाल्यावर', 'यंत्राचे झाकण' : लिंग ठरलेले, रूप ठरलेले. मॉडेलचे नाव मुखपृष्ठावर, शीर्षओळीत आणि तक्त्यांत चल म्हणून येऊ द्या. तिथे ते एकटे उभे असते, त्याला प्रत्यय लागत नाही. जिथे नाव वाक्यातच हवे तिथे पूर्ण वाक्य प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे लिहा आणि 'कॉनकीरेफ'ने अख्खे वाक्य ओढा.

प्रश्न : ऐरोलीत सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे. एक्सएमएललिंटने रिलॅक्स-एनजी (टॅगांचे नियम लिहिण्याची भाषा) तपासणी केली की 'एक्स्ट्रा एलिमेंट इन इंटरलीव्ह' एवढेच येते. चूक कुठे आहे ते कसे शोधायचे?

उत्तर : एक्सएमएललिंट त्या कामाला लावू नका. डॉकबुक ५ च्या रिलॅक्स-एनजी स्कीमावर (नियमांच्या फाइलीवर) तो चूक आहे एवढे बरोबर सांगतो, पण बहुधा बाहेरच्या टॅगकडे बोट दाखवतो. जिंग ओळ आणि रकाना देऊन नेमका टॅग सांगतो. एक्सएमएललिंट एक्सइन्क्लूड उलगडायला आणि टॅग नीट बंद झालेत का ते पाहायला ठेवा.

उलगडलेली सलग फाइल तपासत असाल तर स्कीमा 'डॉकबुक.आरएनजी' घ्या. एक्सइन्क्लूडचे टॅग अजून आत असलेली फाइल तपासायची तर 'डॉकबुकएक्सआय.आरएनजी' घ्या, नाहीतर प्रत्येक इन्क्लूड चूक म्हणून येतो. तीच सूचना-फाइल दोन प्रकरणांत ओढली आणि आत आयडी असला तर उलगडल्यावर आयडी दोनदा आल्याची तक्रार येते. पुन्हा पुन्हा वापरायच्या तुकड्यांत आयडी ठेवू नका.

स्कीमा रचना तपासते, शहाणपण नाही. त्यासाठी स्कीमाट्रॉनचे नियम लिहा : प्रत्येक आकृतीला शीर्षक हवे, कृतीतली 'वॉर्निंग' पायरीच्या आधी हवी, टॉर्कच्या आकड्याला एकक हवे. असे दहा-बारा नियम संपादकाचे कित्येक तास वाचवतात.

प्रश्न : तुर्भ्याहून. सुट्या भागांच्या यादीचा तक्ता तीनशे ओळींचा आहे. सगळे रकाने सारख्या रुंदीचे येतात, पार्ट नंबर शेजारच्या चौकटीत घुसतो आणि तक्ता पानाखाली नाहीसा होतो.

उत्तर : तिन्ही गोष्टी एफओपी आणि स्टाइलशीट यांच्या ठराविक वागण्यातून येतात. एफओपी मजकूर पाहून रुंदी ठरवत नाही, म्हणून प्रत्येक रकान्याला 'कॉलस्पेक'मध्ये प्रमाण द्या : अनुक्रमांकाला १*, पार्ट नंबरला ३*, वर्णनाला ५*, नगाला १*. पार्ट नंबरात मोकळी जागा नसते, त्यामुळे तो तुटत नाही. तिरप्या रेघेनंतर किंवा जोडरेघेनंतर शून्य रुंदीची जागा, युनिकोड २००बी, घाला. मात्र ही जागा स्टाइलशीटमधून घाला, मूळ मजकुरात नाही. मूळ मजकुरात घातली तर ग्राहक नंबर कॉपी करून ऑर्डरच्या शोधात टाकेल आणि भाग सापडणार नाही. शीर्षक असलेला तक्ता एकाच पानावर ठेवण्याचा स्टाइलशीटचा नियम असतो. तक्त्याच्या आत सुरुवातीलाच 'डीबीएफओ' ही प्रक्रिया-सूचना घालून 'कीप-टुगेदर' ला 'ऑटो' द्या. शीर्ष-ओळी 'टीहेड'मध्ये असतील तर त्या प्रत्येक पानावर आपोआप येतात.

एवढ्या मोठ्या तक्त्यांवर जावाची मेमरी संपली तर 'एफओपी_ऑप्ट्स' मध्ये '-एक्सएमएक्स२जी' द्या.

प्रश्न : घोडबंदर रोडवरून घरून भाषांतराचे काम करते. कंपन्या एक्सएमएल फाइली पाठवतात. आधी केलेले वाक्य भाषांतराच्या स्मृतीत (आधीच्या भाषांतरांच्या साठ्यात) असूनही जुळत नाही असे वारंवार होते. आणि फाइल कोणत्या स्वरूपात मागावी?

उत्तर : मूळ एक्सएमएल थेट संपादायला घेऊ नका. कंपनीकडून एक्सलिफ ही भाषांतरासाठीची फाइल मागा, किंवा डॉकबुक असेल तर आयटीएसटूल या साधनाने काढलेली, त्याच कामाची पीओ फाइल मागा. ओमेगाटी हे भाषांतराचे सॉफ्टवेअर डॉकबुक स्वतःही वाचते. पार्ट नंबर, स्क्रीनवरचे शब्द आणि मॉडेलची नावे यांवर 'ट्रान्सलेट' ला 'नो' लावून देण्याचा आग्रह धरा. आकडे, एकके यांचे धोरणही आधीच लेखी घ्या. यंत्राच्या नेमप्लेटवर इंग्रजी आकडे (1, 2, 3) असतील तर मापे इंग्रजी आकड्यांतच ठेवणे सुरक्षित, कारण ऑपरेटर दोन्ही ताडून पाहतो.

स्मृती न जुळण्याचे मराठीत एक खास कारण आहे : दिसायला सारखे, साठवायला वेगळे. 'दुसऱ्या'तला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो : नुक्त्याच्या ऱ ला (युनिकोड ०९३१) हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह जोडून. 'ॲप'मधला ॲ एकच अक्षर (०९७२) असू शकतो, किंवा अ वर वेगळा अर्धचंद्र (०९४५). युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे सारखी अक्षरे एका रूपात आणण्याची रीत, या जोड्या एक करत नाही. कीबोर्ड वेगळा असला की वाक्य वेगळे ठरते. म्हणून स्मृती आणि नव्या फाइली दोन्हींवर एक छोटी स्क्रिप्ट चालवा : 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' च्या जागी 'ऱ, हलन्त' आणि 'अ, अर्धचंद्र' च्या जागी 'ॲ'. काम परत पाठवण्याआधी पुन्हा एकदा चालवा.

मूळ मराठी मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएम या टंकन-सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणून घ्या. त्या फाइलींत खरी नागरी अक्षरे नसतात, इतर चिन्हांच्या जागी नागरी आकार बसवलेले असतात. रूपांतरानंतर रफार, ऱ्य, पहिली वेलांटी आणि आकडे हे चार मुद्दे पानागणिक तपासा. या कामाचा मोबदला भाषांतराहून वेगळा मागणे रास्त आहे.

प्रश्न : कोपरखैरणेहून. माझ्या लॅपटॉपवर बिल्ड वीस सेकंदांत होते. ऑफिसच्या सर्व्हरवर पाच मिनिटे लागतात किंवा ते अडकूनच पडते.

उत्तर : सर्व्हर इंटरनेटवरून स्टाइलशीट किंवा डीटीडी (टॅगांच्या नियमांची फाइल) ओढायचा प्रयत्न करत आहे आणि फायरवॉल अडवते आहे. डब्ल्यू३सी ही वेबची मानके ठरवणारी संस्थासुद्धा डीटीडीच्या अशा अखंड मागण्या मुद्दाम रेंगाळवते. स्टाइलशीट आणि स्कीमा प्रोजेक्टमध्येच ठेवा, एक्सएमएल कॅटलॉग फाइलीत 'रीराइटयूआरआय'ने वेबपत्ता स्थानिक फोल्डरकडे वळवा आणि 'एक्सएमएल_कॅटलॉग_फाइल्स' या एन्व्हायर्न्मेंट चलात तिचा मार्ग द्या. मग एक्सएसएलटीप्रॉक '-नोनेट' ने चालवा. काही सुटले असेल तर थांबण्याऐवजी लगेच नाव घेऊन सांगेल.

प्रश्न : पावण्याहून. युरोपला पॅकेजिंग यंत्रे पाठवतो. ग्राहक म्हणतो, पुढे छापील मॅन्युअल लागणार नाही, क्यूआर कोड चालेल. खरे आहे का, आणि त्यासाठी काय तयारी करावी?

उत्तर : अटींसह खरे आहे. २००६/४२/ईसी या यंत्र-निर्देशाची जागा २०२३/१२३० हे विनियम घेते आणि ते २० जानेवारी २०२७ पासून लागू होते. त्यानुसार वापराच्या सूचना डिजिटल स्वरूपात देता येतात. मात्र त्या कशा मिळवायच्या हे यंत्रावर, किंवा तिथे शक्य नसेल तर पॅकिंगवर वा सोबतच्या कागदावर लिहायला हवे; त्या उतरवून घेता आणि छापता आल्या पाहिजेत; यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर, आणि ते बाजारात आल्यापासून निदान १० वर्षे, त्या ऑनलाइन राहायला हव्यात. खरेदीच्या वेळी ग्राहकाने कागदी प्रत मागितली तर महिन्याच्या आत विनामूल्य द्यावी लागते. घरगुती, अव्यावसायिक वापराचे यंत्र असेल तर आवश्यक सुरक्षा-माहिती कागदावर द्यावीच लागते. ज्या देशात यंत्र जाते त्या देशाने ठरवलेल्या भाषेची अटही सुटत नाही.

दहा वर्षे टिकणारा पत्ता हा तुमच्या साधनसाखळीचा प्रश्न आहे. डॉकबुकमधून तुकड्यांची वेबपाने काढताना फाइलींना मुळात 'सीएच०१एस०२' अशी क्रमवार नावे मिळतात. पुढच्या आवृत्तीत एक विभाग वाढला की तेच नाव दुसऱ्या पानाला लागते आणि क्यूआर कोड भलत्याच सूचनेवर नेतो. 'यूज.आयडी.ॲज.फाइलनेम' ला १ द्या, म्हणजे आयडीच फाइलीचे नाव होते. पहिल्या उत्तरात आयडी अर्थाचा द्या आणि बदलू नका म्हटले ते यासाठी. 'चंकर.आउटपुट.एन्कोडिंग' ला यूटीएफ-८ द्या. मूळची किंमत आयएसओ-८८५९-१ आहे, तिच्यात रोमनबाहेरचे प्रत्येक अक्षर आकडी सांकेतिक रूपात लिहिले जाते आणि पाने फुगतात.

क्यूआर कोड मॅन्युअलच्या पानाकडे थेट नेऊ नका. तुमच्याच डोमेनवरच्या 'मॉडेल / अनुक्रमांक' अशा पत्त्याकडे न्या आणि तिथून योग्य आवृत्तीकडे वळवा. वेबसाइट बदलली तरी नेमप्लेट बदलावी लागणार नाही. यंत्र रवाना झाले त्या दिवशीची आवृत्ती त्याच अनुक्रमांकाशी बांधलेली ठेवा, नंतरची सुधारित आवृत्ती तिच्या शेजारी. गिट या फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत त्या आवृत्तीवर टॅग (खूण) लावा आणि प्रत्यक्ष ग्राहकाला दिलेली पीडीएफ व वेबपाने वेगळी साठवा. एफओपी, स्टाइलशीट आणि फॉन्ट यांच्या आवृत्त्या बदलल्या की त्याच एक्सएमएलमधून निघणारी पाने वेगळी पडतात, आणि सात वर्षांनी अपघाताची चौकशी झाली तर विचारणा होईल ती ग्राहकाच्या हातात गेलेल्या पानाची.

साठवणीसोबत एक साधी मजकूर-फाइल ठेवा. साधनांची नावे, आवृत्त्या आणि बिल्डची आज्ञा एवढेच तिच्यात हवे.